तेलावरून झालेलं आपलं भांडण

वंदू,

घरात फोडणी बंद आहे. सुतक आहे ना. कढई पालथी घालून ठेवली आहे, शेजारपाजारचे डबे येतात आणि आम्ही ते न बोलता गिळतो. गल्लीतल्या बायका म्हणतात, सुतक फिटून गंधमुक्ती होईपर्यंत एवढं पाळाच. मी मान हलवते. त्यांना काय सांगू, की या घरातली फोडणी तू जिवंत असतानाच बंद झाली होती, आणि त्यावरून नणंद-भावजय अशा भांडत होत्या की तुझे भाऊ, म्हणजे आमचे हे, जेवणाच्या वेळी गच्चीवर जाऊन बसायचे.

दारावर बसायला येणाऱ्यांचा पहिला प्रश्न ठरलेला आहे. "फुफ्फुसाचा कॅन्सर? मग विडी-सिगारेट ओढायच्या का त्या?" परवा पारोळ्याहून आलेल्या एका बाईंनी हे इतक्या हळू आवाजात विचारलं, जसं काही तू तुरुंगात जाऊन आली होतीस. मी म्हटलं, "हो, भट्टीच लावायची ती, सकाळ-संध्याकाळ." तुझ्या भावांनी माझ्याकडे डोळे वटारून पाहिलं. तू असतीस तर आधी पदरात तोंड खुपसून हसली असतीस आणि मग त्या बाईंना समोर बसवून समजावलं असतंस, की कधी विडीला हात न लावणाऱ्यांनाही हा होतो, का होतो ते दर वेळी सांगता येत नाही, आणि आजाऱ्याला गुन्हेगार ठरवून कोणाचंच भलं होत नाही. माझ्यात एवढा धीर नाही. मी जन्मभर प्राथमिक शाळेत शिकवलं. चुकीचं दिसलं की मला लाल पेन हवं असतं.

आणि माझं खरं भांडण त्या बाईंशी नाहीच. तुझ्याशी आहे. तू ते अर्ध्यात सोडून गेलीस.

मी तुमच्या घरात आले तेव्हा तू दोन वेण्या घालून शाळेत जायचीस. माझं माहेर यावलकडचं, केळीच्या पट्ट्यातलं, आणि तुमचं गाव पारोळ्याजवळ. दोन्ही एकाच जिल्ह्यातली, पण बोली इतकी वेगळी की पहिल्या दिवशी सासूबाई मला काय म्हणाल्या, ते तू पुस्तकी मराठीत सांगितलंस. मी 'हाये' म्हटलं की तू मला दटावायचीस. "वहिनी, आठे ऱ्हावानं ना? मंग शे म्हननं पडी." तुमच्या अहिराणीत 'आहे'ला 'शे'. मी तुला शुद्धलेखनावरून दटावायचे. सासूबाई लवकर गेल्या आणि तुझ्या वेण्या माझ्याकडे आल्या. तू माझी नणंद किती होतीस आणि लेक किती, हे मी कधी मोजलं नाही, आणि तुला तर कधीच बोलले नाही. नणंदेला डोक्यावर बसवू नये, असं मला माहेराहून बजावून पाठवलं होतं.

तू शिकत गेलीस. लग्नाचा विषय काढला की तू परीक्षेचा विषय काढायचीस. धुळ्याला कॉलेजात जीवरसायनशास्त्र शिकवू लागलीस, आणि पीएचडीला विषय घेतलास तो फुफ्फुसाच्या कॅन्सरच्या गाठीतल्या चरबीचा. तुझे भाऊ म्हणाले, "फुफ्फुसात तर हवा असते. तिथे कुठली चरबी?" तेव्हा तू माझ्या स्वयंपाकघरात खाली बसून शेंगा फोडत होतीस, आणि फोडता फोडताच तू आम्हा दोघांना शिकवलंस.

गाठ एकटी नसते, असं तू म्हणालीस. तिच्याभोवती एक गल्ली असते. रक्ताच्या बारीक नळ्या असतात, आधार देणाऱ्या पेशी असतात, आणि गाठीला मारायला आलेल्या शरीराच्या शिपाई पेशीही असतात. गाठीच्या पेशींना भराभर वाढायचं असतं. प्रत्येक नव्या पेशीला भिंत लागते, आणि त्या भिंतीत मुख्य माल चरबीचा. शिवाय साखर कमी पडली तर जाळायलाही चरबीच. म्हणून त्या ती स्वतः बनवतात आणि गल्लीतल्या शेजाऱ्यांकडूनही ओढून घेतात. सगळ्यात वाईट पुढे होतं. जे शिपाई मारायला आलेले असतात, तेच तिथली चरबी गिळून गिळून जड होतात. काही नुसते सुस्त बसून राहतात आणि काही तर गाठीचीच चाकरी धरतात.

"म्हणजे आमचे साहेब," मी म्हटलं. "शाळेच्या तपासणीला येतात आणि पंगतीनंतर कोणालाच काही विचारत नाहीत."

पुढे एकदा मला धुळ्याला तुझ्या प्रयोगशाळेत नेऊन सूक्ष्मदर्शकाशी बसवलंस. चरबी दिसावी म्हणून तू तिला लाल रंग दिला होतास. निळसर पेशी, आणि त्यांच्या पोटात लालभडक गोल थेंब. मी डोळा न काढताच म्हटलं, "वंदू, ही तर शेवभाजीची तर्री." तू एवढ्या जोरात हसलीस की बाहेरून तुझ्या विद्यार्थिनी डोकावल्या. नंतर वर्गातही तू तेच उदाहरण द्यायला लागलीस आणि वर सांगायचीस, हे माझ्या वहिनीचं आहे. मला तेव्हा किती बरं वाटायचं, हेही मी बोलले नाही.

मग तुझा खोकला आला. आधी खडूवर आळ घेतला, मग धुळ्याच्या उन्हावर, मग हायवेच्या धुरावर. जळगावच्या दवाखान्यात निदान झालं तेव्हा डॉक्टर बेताबेताने सांगायला लागले, आणि तू त्यांना मधेच थांबवून पुढचं सगळं स्वतःच सांगितलंस, अगदी वर्गात सांगतात तसं. तुझे भाऊ खुर्चीचा हात घट्ट धरून बसले होते. मला तुझा राग आला. निदान त्या दिवशी तरी तुला आमच्यासारखं घाबरता येऊ नये?

घाबरली होतीस. ते मला पुढे कळलं, तेही ताटावरून.

उपचार जळगावलाच होणार म्हणून तू आमच्याकडे, जळगावच्या घरी, राहायला आलीस. थंडीचे दिवस होते आणि माझ्या दादाच्या शेतात दरवर्षीसारखं वांग्याच्या भरिताचं जेवण होतं. तुझी पहिली किमो होऊन गेली होती. तू स्वतः म्हणालीस, जाऊ या. कपाशीच्या वाळल्या पऱ्हाट्यांच्या जाळावर वांगी भाजली, मोठ्या लाकडी बडगीत मुसळाने ठेचली, मिरची-लसूण पडला. मग दादा तेलाचा डबा घेऊन उठला. आमच्याकडे हा मान घरधन्याचा असतो. पाहुणा जितका लाडका, तितकी धार लांब. दादाने तुझ्याकडे बघून डबा उचलला, आणि तू म्हणालीस, "दादा, तेल घालायच्या आधी माझं थोडं काढून ठेवा."

"काहून वं ताई? तेलाबिगर कधी भरीत होते का?"

"मला नको आहे."

दादाने ते काढलं. केळीच्या पानावर ते ओल्या राखेसारखं दिसत होतं. दादाने बाकीच्या भरितात तेल घातलं खरं, पण नुसतं ओतून टाकल्यासारखं. तू ते कोरडं भरीत भाकरीच्या तुकड्याने चाटूनपुसून खाल्लंस, आणि छान झालंय म्हणालीस. मी घरी येईपर्यंत तुझ्याशी एक शब्द बोलले नाही.

दुसऱ्या दिवशी स्वयंपाकघरात मी तुला धरलं. तू ओट्याला टेकून उभी होतीस.

"डॉक्टरांनी सांगितलंय का तेल सोडायला?"

"नाही."

"मग?"

"वहिनी, गाठीला चरबी लागते. तुला माहीत आहे. तू बघितलीयेस."

"तेल कमी खाल्लं की गाठ उपाशी मरते, हे माणसात सिद्ध झालंय?"

खोटं बोलणं तुला कधी जमलं नाही. "नाही. काचेच्या बशीत वाढवलेल्या पेशींवर काम झालंय, उंदरांवर झालंय. आणि त्यातही सगळं एका दिशेने जात नाही."

"मग माणसाचं काय?"

"मी आहे ना माणूस," तू म्हणालीस.

त्या दिवसापासून घरात युद्ध सुरू झालं. तेल गेलं, तूप गेलं, शेंगदाण्याचा कूट गेला, दुधावरची साय गेली. तू वाफवलेलं खायचीस, मीठ शिंपडून, परीक्षेला बसल्यासारखी. माझ्या डोळ्यांदेखत तुझ्या बांगड्या कोपरापर्यंत सरकायला लागल्या. तुझे भाऊ मला म्हणायचे, तिला जास्त कळतं, तू मधे पडू नको. मी त्यांना म्हणायचे, तिला गाठीचं कळतं, वंदूचं काय कळतं?

मग दवाखान्यात काट्यावर उभी राहिलीस, आणि डॉक्टरांनी काटा बघून पेन खाली ठेवलं. "मॅडम, आज किमो देता येणार नाही. वजन असंच उतरत राहिलं तर तुम्हाला औषध झेपणार नाही. थांबावं लागेल."

तू त्यांच्याशी वाद घातलास. मला निम्मं कळलं नाही, पण तुझा आवाज कळत होता. वरच्या पट्टीत गेलेला, घाईचा. डॉक्टर वयाने तुझ्या विद्यार्थ्याएवढे. त्यांनी तुला पूर्ण बोलू दिलं. मग म्हणाले, "तुम्ही वाचलंय ते मीही वाचलंय. पण त्यात गाठीचा हिशेब आहे. मी तुम्ही किती उरलात ते बघतोय. तुम्ही जेवला नाहीत तरी ती तुमच्यातूनच काढून घेणार." बाहेर येताना तू माझा हात धरला नाहीस. भिंत धरून चाललीस.

मी ठरवलं, आता विचारायचं नाही.

मी भाकरीच्या पिठात तेलाचं मोहन घालायला लागले. वरणात तूप विरघळवून, वरचा तवंग चमच्याने मोडून द्यायचे. जरा जरा करत वाढवलं. तू खात होतीस आणि मी दाराआडून बघत होते. मला चोरी केल्यासारखं मुळीच वाटलं नाही, आजही वाटत नाही. पुन्हा वेळ आली तर पुन्हा करीन. हे तुला नीट कळावं म्हणून लिहिते आहे.

तू पकडलंस ते माझ्याच विद्येने. भाकरीचा तुकडा कोऱ्या कागदावर दाबून घासलास आणि कागद खिडकीशी उजेडात धरलास. जिथे घासलं होतं तिथून पलीकडचा उजेड दिसायला लागला. कागदावर पारदर्शक डाग म्हणजे पदार्थात चरबी. ही चाचणी मी चौथीच्या वर्गाला दरवर्षी करून दाखवायचे, आणि लहानपणी तू ती माझ्याकडूनच शिकली होतीस.

"वहिनी, हाई काय शे?"

मी पोळपाट पुसत राहिले.

"तू माले फसाडी राहिनी. माले!"

"हो," मी म्हटलं. "दवाखान्यातला काटा फसवत नाही म्हणून मी फसवते. तुझं शरीर म्हणजे तुझी प्रयोगशाळा नाही, वंदू."

"मंग कोनी शे? तुनी?"

तू एवढ्या जोरात ओरडलीस की खोकल्याची उबळ आली. मी पाणी घेऊन धावले तर तू पेला बाजूला सारलास. त्यानंतर तू माझ्या हातचं काहीच खाल्लं नाहीस. सकाळी पिशवी भरलीस आणि भावांना सांगून धुळ्याच्या गाडीत बसलीस. ते तुला सोडायला स्टँडवर गेले, मी गेले नाही. घरी भांडी घासत राहिले, घासलेली पुन्हा घासली.

मला वाटलं होतं, दोन दिवसांत तूच येशील. पण तू माझीच वाढवलेली, तू कसली येतेस. शेवटी मीच निघाले. एरंडोल गेलं, पारोळ्याचा किल्ला गेला, आणि बसमध्ये मी तुला काय काय सुनावायचं ते मनात जुळवत होते. तुझ्या खोलीला कुलूप होतं. घरमालकीण म्हणाली, बाई कॉलेजला गेल्या. मला वाटलं, हिला वेड लागलंय.

तू वर्गात होतीस. अंगावर शाल, आणि फळ्यावर लिहिताना एका हाताने टेबल धरलेलं. मी मागच्या दाराने जाऊन शेवटच्या बाकावर बसले. तू शिकवत होतीस की माणूस उपाशी राहिला तर शरीरात काय होतं. आधी यकृतातली साखर संपते, मग साठवलेली चरबी वितळायला लागते, मग शरीर स्नायूंना हात घालतं. "स्वतःलाच खायला लागतं," तू म्हणालीस, आणि नेमकं तेव्हा तुझं माझ्याकडे लक्ष गेलं. पुढचं वाक्य आलं नाही. मुलं वाट बघत होती. तू खडू खाली ठेवलास, खुर्चीवर बसलीस आणि म्हणालीस, "आज इथेच थांबू."

सगळे गेल्यावर मी पुढे येऊन बसले. बसमध्ये जुळवलेलं काहीएक आठवेना.

"माले भीती वाटस, वहिनी," तू म्हणालीस.

आख्ख्या आजारपणात हे वाक्य तू एकदाच बोललीस. मग मराठीत सांगत गेलीस, वर्गातल्यासारखं, पण थांबत थांबत. सुया त्यांच्या, औषध त्यांचं, तारखा त्यांच्या, छातीचे फोटो त्यांचे. माझ्या हातात काय आहे? एक ताट तेवढं माझं आहे. मला माहीत होतं गं, की याने फार काही होणार नाही. पण ज्याचा आयुष्यभर अभ्यास केला, त्याच्यापुढे नुसतं हात बांधून बसायचं?

मी रडले. तू रडली नाहीस. मी म्हटलं, "ताट तुझंच राहू दे. तेलाची पळीही तुझ्याच हातात. मी शिजवीन, वर तेल तू घाल, वाटेल तेवढं. मी मोहन घालणार नाही, तूप लपवणार नाही. पण काट्यावर उभी राहा, आणि काटा काय म्हणतो ते ऐक."

"आन मी घालंच नही तं?"

"तर मी समोर बसून बघीन."

तू हसलीस. आपण संध्याकाळच्या गाडीने परत आलो. मी शब्द पाळला, याची साक्ष तूच. पहिल्या दिवशी तू पळीत तेल घेऊन इतका वेळ बघत राहिलीस की भाजी निवून गेली. मग थेंबभर घातलंस, दुसऱ्या दिवशी त्याहून जरा जास्त. रसायन मोजल्यासारखी पळी डोळ्यांच्या पातळीला धरायचीस. एका सकाळी ज्वारी-उडदाच्या कळण्याच्या भाकरीवर ठेचा घेतलास, त्यात बोटाने खळगा केलास आणि तो तेलाने काठोकाठ भरलास. तुझे भाऊ गच्चीवरून खाली आले. आपण तिघांनी बऱ्याच दिवसांनी एकत्र बसून जेवण केलं. काटा थोडा वर सरकला, डॉक्टरांनी पेन उचललं, आणि राहिलेली किमो झाली.

वंदू, ते दिवस तू मला दिलेस. त्या दिवसांत तू दुपारी उन्हात खाट टाकून मुलांच्या उत्तरपत्रिका तपासायचीस आणि चुका मोठ्याने वाचून मला हसवायचीस. दादा शेतातून वांगी घेऊन आला, तर तू त्याला आपल्याच अंगणात भरीत करायला लावलंस आणि तेलाच्या धारेखाली स्वतःचं ताट धरलंस. दादाने डबा खाली ठेवला आणि तोंड फिरवून डोळे पुसले. मी देवाचं फार करणारी नाही, पण त्या दिवशी हात जोडले.

मग पुन्हा छातीचा फोटो काढला. गाठ वाढलेली होती. आधी नव्हती अशी आणखी एक जागाही दिसत होती.

दवाखान्यातून रिक्षाने घरी येताना मी तुझ्याकडे बघू शकत नव्हते. आता तू म्हणशील, असं मला वाटत होतं. 'वहिनी, मी सांगितलं होतं.' पूल ओलांडला, बाजार गेला, आपली गल्ली आली. तू एवढंच म्हणालीस की उन्हाळ्याआधी कूलर दुरुस्त करून घ्यायला पाहिजे. तू ते वाक्य बोलली असतीस तर मी तुझ्याशी भांडू शकले असते. बोलली नाहीस, आणि मग ते वाक्य मीच स्वतःला रात्रंदिवस ऐकवायला लागले.

मी एकदा डॉक्टरांना बाहेरच्या बोळात गाठून विचारलंही. ते म्हणाले, "तेलाने वाढली असं काही नाही. आजारच तसा आहे. मनातून काढून टाका." भला माणूस आहे. पण मनातून काढायला ते काही बोटात गेलेलं कुसळ नव्हतं. डोळे मिटले की मला तुझ्या सूक्ष्मदर्शकातले लाल थेंब दिसायचे. मोहनाचं तेल, वरणातलं तूप, ठेच्यातला तो खळगा. ते सगळं मी घरात आणलं होतं, मी वाढलं होतं. माझी वंदू त्यावर जगली, की ती गाठ?

तुझ्या हातातली शक्ती गेली तशी पळी पुन्हा माझ्याकडे आली. आणि मला तेल घालवेना. ज्या बाईने तेलासाठी घर डोक्यावर घेतलं होतं, तीच आता भाजी कोरडी परतायला लागली. भाताला तूप लावताना माझा हात अडायचा. तुला कळणार नाही असं मला कसं वाटलं, कोण जाणे. कागदावर डाग शोधणारी तू.

त्या दुपारी तुला उशांना टेकवून बसवलं होतं. मी भरीत कालवून आणलं होतं, मऊ, गिळता येईल असं. तू एक घास घेतलास आणि तोंडात धरून ठेवलास.

"वहिनी, तेल कोठे शे?"

"आहे की."

"नही शे."

मी ताट मांडीवर घेऊन बसले होते. बाहेर भंगारवाला ओरडत होता. तो पुढे जाईपर्यंत मी थांबले. मग मला राहवलंच नाही. "वंदू, एक खरं सांग. माझी शपथ आहे, खोटं सांगू नको. एवढे दिवस मी तुले खाऊ घातलं का त्याले?"

तू डोळे मिटलेस. मला वाटलं झोपलीस. मला वाटलं, बरं झालं झोपली. पण तू विचार करत होतीस. कोणी प्रश्न विचारला की उत्तराआधी तू नेहमी तशीच थांबायचीस.

"दोन्हीस्ले," तू म्हणालीस.

"दोघांना?"

"त्यानं ताट येगळं नही शे, वहिनी. मी जेवसू तर तेबी जेवी. मी उपाशी राहसू तर ते मालेच खाई." एवढं बोलून तुला दम लागला. मी तुझी पाठ चोळली. श्वास जागेवर आल्यावर तू डोळे उघडलेस. "डरू नको. वाढ."

मी उठून तेलाचा डबा आणला. घाईत निम्मी धार चादरीवर पडली. ते बघून तू थोडीशी हसलीस. मी भरीत पुन्हा कालवलं, घास केला, आणि तू तोंड उघडलंस.